एकमुश्त मतं

हिंदी मुलखातल्या एका शहरात, नानाखेड्याच्या बस स्टँडमागच्या कॉलनीत, दिवसाआड नळ येतो. त्या शुक्रवारी आला तेव्हा पाणी पिवळट होतं आणि त्याला गटाराचा वास येत होता. सुलूताईंनी पहिली दहा मिनिटं ते वाहू दिलं, मग फडक्यातून गाळून उकळायला ठेवलं. वर्षभर सारी कॉलनी हेच करत होती. सगळ्यांना त्याची सवय होऊन गेली होती.

त्यांचा धाकटा भाऊ अरविंद मुळ्ये बँकेतून रिटायर झालेला, तिथल्या मराठी मंडळाचा सचिव. महापौरपदाची थेट निवडणूक तोंडावर आली होती. तो खुशीतच स्वयंपाकघरात आला.

"ताई, मंडळाच्या हॉलचं काम झालं समज. महापौरपदाच्या उमेदवाराच्या माणसाचा फोन होता. म्हणाला, 'समाज के वोट एकमुश्त दिलवा दीजिए, हॉल पक्का समझिए।' आपली मराठी मतं एकगठ्ठा द्यायची, एवढंच. रविवारी उमेदवार स्वतः येताहेत."

"आणि पाण्याचं काय?"

"ते कुठे उमेदवाराला द्यायच्या निवेदनात घालू? पाणी तर साऱ्या कॉलनीचं आहे. मंडळाने मंडळाचं मागावं."

"आपल्या मंडळाचा नळ वेगळा आहे का?" सुलूताईंनी विचारलं.

संध्याकाळी कळलं, खालच्या मजल्यावरच्या गौरीच्या मुलीला, नऊ वर्षांच्या ईराला, कावीळ झाली. तिला माधव नगरच्या दवाखान्यात भरती केलं होतं. शनिवारी सकाळी दोघं भाऊबहीण तिला बघायला गेले. पोरगी अंथरुणाला खिळून पडली होती, डोळे हळदीसारखे पिवळे. गौरी म्हणाली, "काका, मी रोज उकळूनच देत होते हो. एखाद दिवशी गॅस संपला, घाई झाली..."

शेजारच्या पलंगावरही एक बाई काविळीचीच होती. तिचा नवरा ऑटो चालवायचा. तो उठून उभा राहिला.

"आप मुळ्येजी हैं न? हम आपके पीछेवाली गली में ही रहते हैं। हमारी गली से यह चौथा मरीज़ है।"

"शिकायत नहीं की?" अरविंदने विचारलं.

"की थी, साहब। हमारी कौन सुनता है? आप लोगों का तो मंडल है, आपके यहाँ नेता खुद चाय पीने आते हैं।"

तो टोमणा नव्हता. माणूस सरळपणेच बोलला होता, आणि म्हणूनच ते अरविंदला फार लागलं. मागच्या गल्लीत तो बारा वर्षांत कधी गेलासुद्धा नव्हता.

परतताना सुलूताई म्हणाल्या, "मी पस्तीस वर्षं नर्सची नोकरी केली. काविळीचा पेशंट आला की त्याचा समाज नाही विचारला कधी. पाणी कुठलं पितोस, एवढंच विचारायची. तू मत मागणाऱ्याला तेवढंच विचार, अरविंद. आपली मतं गठ्ठ्याने देऊन हॉल घेतलास, तर उद्या दुसरा कुणी त्याच्या समाजाचा गठ्ठा देऊन मंगल कार्यालय घेईल. नळाला गटाराचं पाणी येतच राहील."

अरविंद त्या दिवशी जेवायला घरी आला नाही. तो मागच्या गल्लीत गेला आणि दारोदार फिरला. तीन गल्ल्यांत मिळून अकरा आजारी निघाले. ऑटोवाल्याने नाल्यावरचा दगड सरकवून दाखवला. खाली घाण पाण्यात बुडालेला गंजका पाइप होता. कॉलनी वसवणाऱ्या बिल्डरने तो तसाच टाकून दिला होता.

रविवारी मंडळाच्या अंगणात शाल-श्रीफळाची तयारी होती. पण अरविंदने तिन्ही गल्ल्यांना बोलावलं होतं. एवढी गर्दी बघून मंडळाचे अध्यक्ष अनिलराव चमकले. उमेदवार हसतमुख बसले आणि म्हणाले, "आपका हॉल तो हो गया, समझिए।"

अरविंद उभा राहिला. "हॉल हमें नहीं चाहिए। नाले में से पीने के पानी का पाइप जाता है। आप चुनकर आए, तो कितने दिन में बदलेंगे? बस, इतना लिखकर दे दीजिए।"

"तकनीकी मामला है। दिखवा लेंगे।"

"कब तक?"

उमेदवारांनी घड्याळ पाहिलं. अनिलराव कुजबुजले, "काय करतोयस? हातातला हॉल जाईल."

"जाऊ दे," अरविंद सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाला.

बुधवारी विरोधी उमेदवार, एक बाई, आल्या. त्यांनी नाला पाहिला आणि साठ दिवसांची मुदत लिहून सही केली. कॉलनीतली बहुतेक मतं त्यांना गेली. पण निवडून पहिलेच उमेदवार आले.

"बघ," अनिलराव म्हणाले, "हॉलही गेला आणि पाणीही गेलं."

"पाणी कसं जाईल? महापौर त्याला मत न देणाऱ्यांचाही असतो," अरविंद म्हणाला.

शपथविधीनंतरच्या पहिल्याच सोमवारी तिन्ही गल्ल्यांतली चाळीस माणसं महापौरांच्या दालनासमोर उभी राहिली. पुढच्या सोमवारी पुन्हा गेली. तिसऱ्या सोमवारी अनिलरावही आले.

"आपके यहाँ से तो हमें वोट मिले नहीं," महापौर म्हणाले.

"वोट किसे दिया, वह हमारी बात है," सुलूताई शांतपणे म्हणाल्या. "पानी आपकी ज़िम्मेदारी है। हम अगले सोमवार को भी आएँगे।"

महापौरांनी इंजिनियरला फोन लावला. महिन्याभरात खोदकाम सुरू झालं. नवा पाइप नाल्यापासून दूर, रस्त्याच्या दुसऱ्या कडेने गेला. ईरा तोवर बरी होऊन शाळेत जाऊ लागली होती. ऑटोवाल्याची बायको मात्र अजून अशक्तच आहे. सुलूताई दर आठवड्याला मागच्या गल्लीत जाऊन तिला तपासून येतात.

मित्रहो, निवडणुकीत उमेदवार आपल्या दारी मत मागायला येतो. आपण मात्र त्याच्यापुढे आपल्यापुरतं काहीतरी मागत बसतो आणि साऱ्यांच्या हक्काचं विसरून जातो. शेजारच्या गल्लीची तहान आपली मानावी, उमेदवाराला मुदत विचारावी आणि निकाल काहीही लागो, विचारत राहावं. मत एका दिवसाचं असतं, नागरिकपण पाचही वर्षांचं.