टाकणखाराची मूठ

"काय टाकतेस व या डबीत? सांग लवकर!"

कुंताबाईनं मलमाची डबी रंभाबाईच्या दुकानाच्या फळीवर आपटली. अठ्ठ्याहत्तर सालचा श्रावण, लाखनीचा बाजार भरलेला. "नातू भंडाऱ्याच्या दवाखान्यात हाये. सारखा वकून राहिला. डाक्तर पुसते, जांघेले काय लावलं?"

"जांघेले? अव, ते तोंडाले चोपडाचं मलम हाय!"

"धानाच्या रोवण्यात बायांच्या कुजलेल्या बोटांले चालते, मंग लेकराच्या सोललेल्या जांघेले काहून नाही चालन?"

बाया चिखलानं खाल्लेल्या बोटांना ते चोपडतात, हे रंभाबाईला ठाऊक होतं. खपतंय म्हणून गप्प होती.

नाकाडोंगरीच्या जंगलातलं मधमाश्यांचं मेण, तिळाचं तेल आणि पाणी. तेल-पाणी एकत्र नांदावं म्हणून सोनाराकडचा टाकणखार. उन्हाळ्यात मलम फाटायला लागलं, तेव्हा तिनं चिमटीची मूठ केली. कुणी विचारलं नाही. विचारणार कोण? शहरातल्या महागड्या डब्यांवर गोरी बाई छापतात. आत काय कोंबलंय ते छापताना कंपन्यांच्या हाताला लकवा भरतो. कायदा आहे म्हणतात. असेल मुंबईत, कपाटात. लाखनीत लेकरू वकेपर्यंत तो कुणाला दिसत नाही.

शेजारचा बांगडीवाला गोपीचंद कानाशी लागला, "नजर लागली म्हण, भाभी. कबूल केलं का दुकान बुडालं समज."

रंभाबाईनं कुंताबाईकडं पाहिलं. पदर चिखलानं माखलेला. नजर म्हणून हीसुद्धा मांत्रिकाकडे गेली असती. पण भंडाऱ्याहून ट्रकात बसून विचारायला आली होती.

"टाकणखार हाय. मूठभर," रंभाबाई सगळ्यांदेखत बोलली. "चाल, मीच सांगतो डाक्तरले."

डॉक्टरनं लेकराची कातडी धुतली, सलाईन लावलं आणि दोघींना एकाच दमात झापलं. सोललेल्या कातडीतून ते विष अंगात गेलं होतं. पुढं औषध खात्याचा इन्स्पेक्टर आला. "परवाना?" परवाना नव्हताच. रंभाबाईनं सगळ्या डब्या पुढं केल्या. विकलेल्या डब्या परत आणायला गावोगाव, पार कारध्यापर्यंत पायपीट केली, बायांच्या शिव्या खाल्ल्या.

दिवाळीनंतर ती त्याच फळीवर सुया, दोरे, बटणं मांडून बसली होती. कुंताबाई नातवाला कडेवर घेऊन आली.

"तू नजर म्हणून घरी बसली असती तं?" रंभाबाई सुयांची पुडी बाजूला सारत म्हणाली. "याच्यासंगं आणखी कोणाची लेकरं गेली असती. तुये उपकार हायेत, माय."

"उपकार कायचे? धर याले. माही कंबर मोडून राहिली."

रंभाबाईनं हात लुगड्याला पुसले. स्वच्छच होते. तरी पुन्हा पुसले, आणि मगच पुढं केले.