पिशवीची खोळ

“ही पिशवी वर कुणी ठेवली?”

विजयमाला सिस्टरने बापूरावांच्या अंगावरची शाल बाजूला केली, तेव्हा लघवीची पिशवी त्यांच्या मांडीशेजारी गादीवर होती. बापूराव तापाने फणफणले होते. सकाळपासून हुडहुडी भरत होती आणि मधूनच ते “दुकानाची किल्ली कुठंय?” असं विचारत होते. बुधवार पेठेतलं त्यांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान कधीच बंद झालं होतं. तिथे आता मोबाइलची कव्हरं लटकत होती.

“मीच ठेवली,” द्वारकाबाई म्हणाल्या. “भेटायला कुणी आलं की वर घेते, माणसं गेली की खाली अडकवते. आज तापाच्या धांदलीत राहून गेली. काल व्याही आले होते हो. त्यांच्यासमोर ते लोंबकळताना बरं दिसत नाही.”

सिस्टर रागावली नाही. तिने पिशवी उचलून पलंगाखालच्या आकड्याला अडकवली. “आजी, पिशवी वर गेली की आतली लघवी नळीतून उलटी फिरते, जंतूंसकट. ती कायम कमरेच्या खाली हवी. जमिनीलाही टेकायला नको.”

“म्हणजे हा ताप माझ्यामुळे?”

“नळी आहे तोवर धोका असतोच,” सिस्टर जरा थांबून म्हणाली. “पण असं केल्याने वाढतो.”

द्वारकाबाई स्टुलावर बसल्या. साड्यांना फॉल लावण्यात त्यांचा जन्म गेला होता. धाग्याची गाठ सुलट बाजूला दिसू नये, एवढीच त्यांची विद्या. आणि नवरा असा, की दूधवाला आला तरी अंगात सदरा घातल्याशिवाय दार उघडणार नाही. खुब्याचं हाड मोडून तो इथे आला, नळी लागली, आणि त्याची अब्रू झाकायचं काम आपसूक त्यांच्याकडे आलं. ते त्यांनी नेटाने केलं होतं. नेमकं तेच नडलं.

तपासणीत जंतू निघाले. डॉक्टरांनी नळी बदलली, सलाइनमधून औषध सुरू केलं. दुसऱ्या दिवशी ते राउंडला आले तेव्हा द्वारकाबाई वाटच बघत होत्या.

“डॉक्टर, नळी कधी काढणार?”

उत्तर दिलं ते त्यांच्या मुलाने, योगेशने. हडपसरच्या कंपनीतून तो लॅपटॉपची बॅग खांद्यावर घेऊनच आला होता. “आई, राहू दे ना. बाथरूमला कोण नेणार बाबांना? हे कन्व्हीनियंट आहे. पॉलिसीत सगळं कव्हर होतंय, तू टेन्शन नको घेऊ.”

“तुझ्या पॉलिसीत आठवण पण भरून मिळते का रे? काल ह्यांनी मला ‘आपण कोण’ म्हणून विचारलं.”

डॉक्टर म्हणाले, “आजींचं बरोबर आहे. सोयीसाठी नळी ठेवायची नसते. ताप उतरू दे, वॉकर धरून उभे राहिले की लगेच काढू.”

तेव्हापासून द्वारकाबाई पलंगाला चिकटल्या. नळीला पीळ पडलाय का बघायच्या. पिशवी रिकामी करायला कुणी आलं की आधी त्याच्या हातांकडे बघायच्या. वॉर्डातल्या मावशी दारातूनच ओरडायच्या, “धुतल्यात हो हात, सासूबाई! वास घेऊन बघताय का साबणाचा?”

“बघते की. आणा इकडे.”

ताप उतरला, बापूरावांना माणसं ओळखू यायला लागली, आणि नेमके तेव्हाच व्याही पुन्हा आले. कॉरिडॉरमधून सीतारामरावांचा आवाज येताच बापूराव पुटपुटले, “अगं, ती वर घे.”

“नाही.”

“व्याही आहेत!”

“असू देत.”

सीतारामराव आत आले. त्यांची नजर पिशवीवर गेली, बापूरावांच्या चेहऱ्यावर गेली, आणि ते खुर्ची ओढत म्हणाले, “माझ्या प्रोस्टेटच्या वेळी मी ही हातात धरून कॉरिडॉरभर फिरायचो. मंडईला निघाल्यासारखा. फक्त भाजी मिळाली नाही.”

बापूराव हसले नाहीत. व्याही जाईपर्यंत ते भिंतीकडे बघत होते. नंतर म्हणाले, “इतक्या वर्षांत तू माझं असं कुणासमोर केलं नव्हतंस.”

“इतक्या वर्षांत तुम्ही मला ‘आपण कोण’ असं विचारलं नव्हतंत,” द्वारकाबाई म्हणाल्या. “तुम्ही रुसा. पिशवी वर यायची नाही.”

पण दुपारी त्यांनी घरून सुईदोरा आणि धुतलेलं फॉलचं कापड मागवलं. पट्ट्या जोडून पिशवीच्या मापाची खोळ शिवली. विजयमाला सिस्टरने ती हातात घेऊन बघितली. “आजी, मला आतला रंग दिसला पाहिजे. गढूळ झाली तर कळायला नको?” द्वारकाबाईंनी पुढची शिवण उसवली आणि उचलता येईल असा पडदा लावला. खोळ जमिनीपासून चांगली वर राहिली. बापूरावांनी मान वाकडी करून खाली बघितलं.

“टाके बरे आलेत,” ते म्हणाले. रुसवा गेल्याची तेवढीच खूण.

दोन दिवसांनी ते वॉकर धरून उभे राहिले. तोंड वेडंवाकडं झालं, पण उभे राहिले. डॉक्टरांनी नळी काढायला सांगितलं.

“आता स्वतःची स्वतः झाली पाहिजे,” सिस्टर म्हणाली. “झाली की मला सांगा. नाही झाली तर पुन्हा विचार करावा लागेल.”

दुपारपर्यंत काही झालं नाही. द्वारकाबाई पाणी देत राहिल्या, विचारायचं टाळत राहिल्या. शेवटी बापूराव म्हणाले, “माझा सदरा दे.”

“आत्ता? कशाला?”

“दे म्हणतो ना.”

हॉस्पिटलच्या झग्यावरच त्यांनी सदरा चढवला. सिस्टरने त्यांना वॉकरसकट बाथरूमपर्यंत नेलं, आत नीट बसवलं आणि बजावलं, “कडी लावायची नाही, आजोबा.” दार लोटून घेऊन ती बाहेर थांबली. द्वारकाबाई तिच्या शेजारी उभ्या होत्या. हातात धुतलेली, ओलसर खोळ होती.

आत सगळं शांत होतं. बराच वेळ शांत होतं.

“अगं, दाराशी उभी आहेस का?”

“नाही हो,” द्वारकाबाई दाराशी उभ्या राहूनच म्हणाल्या.

मग आवाज आला. आधी थांबत थांबत, मग सलग. सिस्टरने त्यांच्याकडे बघितलं. द्वारकाबाईंनी खोळ घट्ट पिळली, तिच्यात पाणी उरलं नव्हतं तरी.

पुढे नुसतीच शांतता. “आत येऊ का हो? काय करताय एवढा वेळ?”

“थांब जरा.”

त्यांनी हाक मारल्यावर सिस्टरने दार ढकललं. बापूरावांनी सदऱ्याची गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावली होती.