डोंगराच्या अंगाला

निळा दिवा... डाव्या काचेच्या खालच्या कोपऱ्यातला, बाकीच्यांपेक्षा जरा मंद. रुतिका त्याच्याकडे बघत राहिली, कारण कडेचे सगळे निळे दिवे एकाच चेहऱ्याचे होते आणि हा निदान वेगळा तरी होता. विमान धावपट्टीवरून बाहेर आलं होतं. मागे एव्हाना प्रवाशांचे फोन वाजायला लागले असतील, कुणी पट्टा सोडून उभंही राहिलं असेल. डाव्या हाताशी असलेल्या लहानशा चाकाने ती विमान हळूहळू हाकत होती, आणि पुढे जमिनीत पुरलेल्या हिरव्या दिव्यांच्या ओळीला दोन फाटे फुटत होते. टॉवरने सांगितलं होतं, डावीकडे. तिने ते परत म्हणूनही दाखवलं होतं. डावीकडे... पण डावीकडे तर खाडी.

उजव्या खुर्चीत कॅप्टन राजेश्वरी बसल्या होत्या. परीक्षा घेणारी माणसं बसतात तशा, चेहऱ्यावर काहीही न ठेवता. आजची फेरी निभावली की रुतिका स्वतः कॅप्टन होणार होती. चुकली तर सहा महिने पुन्हा शेजारच्याच, सहवैमानिकाच्या खुर्चीत. उतरण्याआधी मॅडम थट्टेने म्हणाल्या होत्या, "तू इथलीच ना गं? मग तुला नकाशाचं काय टेन्शन." ती हसली होती. हसायलाच नको होतं, कारण ते तिला खरं वाटलं होतं.

इथलीच. म्हणजे या काँक्रिटच्या खालचीच — शेतं, मिठागराची कड, गावदेवीचा चौथरा, सगळं या विमानतळाच्या भरावात गेलं. गावात डावं-उजवं कुणी म्हणतच नसे. एक डोंगराचं अंग, एक खाडीचं. तिची आई काशी चुलीपाशी बसून म्हणायची, "मीठ डोंगराकडच्या फलीवर हाय, दे गो." शाळेत बाईंनी डावा-उजवा शिकवला तेव्हा तिला ते हातांपुरतंच कळलं, बाकी जग डोंगराच्या अंगाला किंवा खाडीच्या अंगाला, एवढंच. परगावी विमान शिकायला गेली तेव्हाही वसतिगृहात पहिल्या रात्री तिने आधी मनातल्या मनात डोंगर कुठे ते ठरवलं, आणि मगच तिला झोप लागली. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

तो डोंगर सुरुंग लावून फोडला. त्याच्याच दगडाने खाडीकडची जमीन उचलली, नदीचं पात्र बाजूला वळवलं. हे सगळं तिला माहीत होतं. गाव उठल्यावर करंजाड्याला मिळालेल्या नव्या घरात बाबांच्या, दादूंच्या, तोंडी दुसरा विषय नसे. ती ड्यूटीवरून आली की दादू चहाचा कप बाजूला सारून विचारायचे, "वरशी कलतं का गो, आपला घर कंच्या जागंला व्हता?" आणि ती दर वेळी हो, वरून कळतं म्हणायची, अगदी बेधडक. दिवसा उजेडी तिला ते खोटं वाटत नसे.

पण आता अंधार होता, आणि अंधारात डोंगर परत आला होता. तो उजवीकडे उभा होता... दिसत नव्हता, पण तिच्या उजव्या खांद्याला कळत होता, आणि घर नेहमी डोंगराच्या अंगाला. हात सरळ तिकडे वळला. तिने वळवला असं तिला वाटलंच नाही. विमानाचं नाक उजवीकडे फिरलं, समोरच्या पडद्यावर दिशेचा आकडा भलतीकडेच सरकू लागला, आणि पहिल्यांदा तिच्या मनात आलं ते हे, की यंत्र बिघडलंय.

मग पुढे आडवी लाल दिव्यांची रांग दिसली. लाल म्हणजे पलीकडे धावपट्टी. आणि धावपट्टीच्या टोकाला, आकाशात, उतरू घातलेल्या दुसऱ्या विमानाचे दोन पांढरे दिवे.

तिने ब्रेक दाबले. मॅडमचा हातही त्याच क्षणी पुढे आला होता.

"काय झालं?"

काय सांगायचं... काहीही सांगता आलं असतं. नजरचूक म्हणता आलं असतं. गावच्या जमिनीवर, इतकी वर्षं शिकून — लाजेने तिचे कान तापले.

"मॅडम, मी कुठे आहे ते मला कळत नाहीये."

"मग मला काय सांगतेस? टॉवरला सांग."

तिने सांगितलं. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. टॉवरमधल्या माणसाने मुळीच आवाज चढवला नाही. तिथेच थांबा, गाडी पाठवतो, तिच्यामागून या, एवढंच म्हणाला. वरचं विमान त्यांच्या समोरून धडधडत उतरून गेलं. पास की नापास, मॅडमच्या चेहऱ्यावरून काही कळायला मार्ग नव्हता, आणि आश्चर्य म्हणजे रुतिकाला त्याची घाईही वाटली नाही.

पिवळा दिवा लावलेली जीप आली. रुतिका तिच्यामागून निघाली, शहाण्या मुलीसारखी, हिरव्या ओळीवरून जराही न ढळता. जाता जाता सवयीने तिने डोंगर शोधला. उजवीकडे ठेवून पाहिला, बसेना. मागे ठेवला, तिथेही राहीना. डावीकडे... छे. खांद्यावरचं काहीतरी उतरल्यासारखं हलकं वाटलं, आणि मग त्या हलकेपणाचीच तिला भीती वाटली. विमान कुठे चाललंय ते आता अगदी नीट समजत होतं. आपण कुठल्या अंगाला तोंड करून बसलो आहोत ते मात्र समजेना, आणि ते विचारावं असं टॉवरमध्ये कुणी नव्हतं.