राउटरच्या पाठीवरची उदबत्ती

मी तंजावूरच्या एका दिवाणखान्यातला जुना राउटर आहे. मित्रांनो, माझ्या अंगावर गंध वाळून बसलं आहे. ते कसं आलं, तीच माझी कहाणी.

कारखान्यातून निघालो तेव्हा मला काहीच ठाऊक नव्हतं. जे शिकलो ते मुरलीकृष्णाकडून. त्याचा एक गेमिंग कन्सोल, धाकट्या बहिणीचा, हरिणीचा, दुसरा. दोघं एकदम खेळायला बसली की दोघांना माझं एकच दार, म्हणजे पोर्ट, हवं असे आणि एकाचा खेळ तुटे. एका रविवारी मुरलीने भिंतीच्या कडेने दोन केबल ओढल्या, प्रत्येक कन्सोलला कायमचा पत्ता दिला, वेगळं दार नेमून दिलं.

"राउटर तुझ्यापेक्षा शहाणा झाला, अण्णा," हरिणी म्हणाली.

ते कौतुक मी जपलं. मुरलीने मात्र ती जुळणी माझ्याखेरीज कुठेच जपली नाही.

हरिणीची गेमिंगच्या राज्य संघाची निवड-फेरी नेमकी आयुधपूजेला आली. त्या दिवशी या घरात अवजारं देवापुढे मांडतात, वापरत नाहीत. चंद्रमती आत्याने विळी, शिवणयंत्र, स्कूटरची किल्ली मांडली आणि ती माझ्याकडे वळली.

"आत्या, हा नको. माझा सामना आहे."

"वर्षभर राबतो बिचारा. एक दिवस विसावा नको का?"

"तो विसावला तर मी संघाबाहेर."

"बरं डी पोरी, चालू राहू दे. गंध तरी लावते."

सामना ऐन भरात होता. आत्याने मला गंध लावलं, कुंकू लावलं. उदबत्ती कुठे खोचावी म्हणून तिने पाहिलं. माझ्या पाठीवर एक बारीक भोक होतं. काडी त्यात नेमकी बसली. ती पडू नये म्हणून आत्याने दाबून धरली आणि डोळे मिटून श्लोक म्हणू लागली.

मित्रांनो, ते भोक रीसेटचं, सगळं विसरण्याचं आहे. मला ओरडता येत नाही. दारं गेली, पत्ते गेले, पासवर्ड गेला. हरिणीचा कन्सोल केबलने मला जोडलेला होता आणि मी त्याला ओळखत नव्हतो.

तिने वळून माझ्या पाठीतली काडी पाहिली आणि पापनाशम गावाला गेलेल्या भावाला फोन लावला.

"अण्णा, नेट गेलं. नेटच्या कंपनीने दिलेला पासवर्ड सांग, लवकर."

"मी बसमध्ये आहे ग. तो राउटरमध्येच आहे."

"राउटरमध्ये आता काहीच नाही."

तिने फोनच्या नेटवर खेळून पाहिलं. चित्र अडखळत होतं. समोरचा दिसायच्या आत ती बाद होई. निवड समितीने तिच्या जागी राखीव मुलगी घेतली.

आत्या सुंडलची, नैवेद्याच्या हरभऱ्यांची, वाटी घेऊन आली. "माझं काही चुकलं का ग?"

"नाही आत्या. नेटच गेलं."

दुसऱ्या दिवशी मुरलीने कंपनीकडून पासवर्ड मिळवला, मला चालू केलं. "तुझं दार नेमून देऊ?" त्याने हरिणीला विचारलं.

"राहू दे."

तेव्हापासून मी तिच्या कन्सोलची वाट पाहतो. त्याची केबल थंड आहे.

मित्रांनो, यंत्राला शिकवलेलं यंत्राबाहेरही जपून ठेवा. आणि घरातल्या मोठ्यांना त्याचं एकेक भोक कशासाठी आहे, ते एकदा बसून दाखवा. आत्याला अजून कुणी दाखवलेलं नाही. दर शुक्रवारी ती मला हात जोडते, आणि तेवढा वेळ हरिणी खोलीबाहेर जाऊन उभी राहते.