तात्यांच्या हातचा

प्रमोदिनीने बुटांचा खोका टेबलावर ठेवला आणि आतले शिपाई एकेक करून बाहेर मांडले. बोटाच्या दोन पेरांएवढे प्लॅस्टिकचे कमांडो. हेल्मेट, छातीवरचे पट्टे, गुडघ्यांवरचे पॅड, तोंडाला काळा कपडा आणि वर फक्त डोळे. सात होते.

“आत ये,” दाराकडे न बघता ती म्हणाली.

सोनियाने चपला काढल्या. वरच्या खोलीत तीन वर्षं भाड्याने राहणारी ही मुलगी मूळची आटपाडीची. साताऱ्यात एका लॅबमध्ये कामाला होती. आत येताच तिने कपाटामागे हात घालून टेबलावरचा दिवा लावला. मस्कतहून आल्यापासून प्रमोदिनी ते बटण शोधत होती. तात्यांना, तिच्या वडिलांना, जाऊन आज सोळा दिवस झाले होते.

“उजेड डाव्या अंगानं पायजे म्हणून तिकडं बसवून घेतलं हुतं त्यांनी.”

“माहीत आहे,” प्रमोदिनी म्हणाली. तिला माहीत नव्हतं.

तात्यांनी चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. पट्टी न लावता सरळ रेघ ओढणारा पेंटर म्हणून लोक त्यांना ओळखत. प्रमोदिनीच्या कंपासपेटीवर त्यांनी तिचं नाव तांदळाएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, आणि ते बघायला शेजारच्या तुकडीतल्या मुली आल्या होत्या. पुढे फ्लेक्स आले आणि पाट्या संपल्या. मग या मुलीने त्यांच्यापुढे हे शिपाई रंगवायला आणून ठेवले. रविवारी ती सांगलीला जाई, पुढे तात्यांनाही नेई. तिथे चार-पाच जण टेबलाभोवती बसून एक भुताखेतांचा खेळ खेळत. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी फासे टाकत आपापला कमांडो पुढे न्यायचा. धरणात बुडालेल्या गावातून काहीतरी वर येतं, आणि या तुकडीने तिथे उतरायचं.

हे सगळं तात्यांनीच प्रमोदिनीला सांगितलं होतं, शुक्रवारच्या व्हिडिओ कॉलवर. फोन ते तांब्याला टेकवून ठेवत. हात कायम टेबलाखाली. बोलता बोलता नजर तिकडे जाई.

“तात्या, माझ्याशी बोलताना तरी ते शिपाई खाली ठेवा,” ती एकदा म्हणाली होती.

ते हसले होते. “ठेवले,” म्हणाले. पण हात काही वर आले नव्हते.

“काय काय न्यायचंय तुला?” तिने आता सोनियाला विचारलं.

“तुमी द्याल ते. रविवारी शेवटचा डाव हाय. तात्यांच्या नावानं खेळायचा ठरवलाय आमी.”

“तात्यांच्या नावाने भुतं.”

“आवं, भुतं तर तेच सुचवायचे!” सोनियाला हसू आलं. “मागं एक असलं सांगितलं, की आमच्यातल्या अमृतला एकट्याला जिना उतरवंना. शेवटी मी सोडाय गेले खालपतुर.”

प्रमोदिनी हसली नाही. तिला तात्यांनी लहानपणी भुताची एकही गोष्ट सांगितली नव्हती. घाबरशील, म्हणत.

तिने एक शिपाई उजेडात धरला. मोहरीच्या दाण्याहून लहान डोळे; पण ते कुणाकडे तरी बघत होते. असे पाच जण तिने आपल्याकडे ओढले.

“हे इथेच राहतील. हा हात मी कुठेही ओळखेन.”

सहाव्याचा रंग पट्ट्यांबाहेर ओघळला होता. एक डोळा वर, एक खाली. तिने तो बोटाने सोनियापुढे सरकवला.

“हा तुझा दिसतोय. शिकत असतानाचा.”

सोनियाने शिपाई उचलून रुमालात गुंडाळला, रुमाल पर्समध्ये ठेवला.

“ह्यो बास झाला मला,” ती म्हणाली. “दुसरं काय नगं.”

इतक्या सहज ऐकल्याचं प्रमोदिनीला बोचलं. तिने निदान भांडायला हवं होतं.

सातवा गोळ्यांच्या बाटलीच्या झाकणावर चिकटवलेला होता. त्याला डोळेच नव्हते. सोनियाची नजर त्याच्यावर अडकली.

“डोळं राहिल्यात त्येचं. दोन मिनिटांचं काम हाय.”

“तात्यांचं राहिलेलं काम दोन मिनिटांचं?”

प्रमोदिनीने झाकण तिच्यापुढे सरकवलं.

“कर ना मग. बघू दे मला.”

प्रमोदिनी हाताची घडी घालून उभी राहिली. रंग फिसकटावा, असं तिला फार वाटत होतं.

सोनिया तात्यांच्या खुर्चीत बसली. सगळ्यात बारीक ब्रश न शोधता तिच्या हाताला लागला. तिने दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवली, श्वास धरला. आधी आडवी पांढरी रेघ. तिच्यावर उभी काळी. मग दुसरा डोळा. झाकण फिरवून तिने शिपाई त्या पाच जणांच्या रांगेत ठेवला.

सहाही जण प्रमोदिनीकडे सारखेच बघत होते.

रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. प्रमोदिनीने हाताची घडी सोडली.

“कधीपासून?”

“दोन वर्षं झाली. पयला उजवा हात, मग दोन्ही. बशीतला चहा सांडायचा. मग ते सांगायचे आन मी रंगवायची. ‘पट्टा मळका कर, आत्ताच दुकानातनं आणल्यागत दिसतोय.’” ती ब्रश पुसत राहिली. “ताईला सांगू नगं म्हणले. पेंटरची लेक हाय, तिला नुसता हात दिसला तरी कळंल.”

प्रमोदिनीने फडताळातल्या तांब्याकडे पाहिलं. मग समोरच्या स्टुलावर बसली.

सोनियाने रुमाल काढून टेबलावर उलगडला.

“गेल्या दिवाळीत म्हणले, एक तरी माझ्या हातचा पायजे. अकरा दिवस लागले ह्येला. मी न्हेणार हुते, ताई. तुमाला न सांगता. तुमी बाकी सगळं ठिवलं असतं तरी मी काय बोलले नसते.”

तिरक्या डोळ्यांचा शिपाई रुमालावर आडवा पडला होता. कुणीच त्याला हात लावला नाही.

“खेळात ह्यो कवा मेला न्हाई,” सोनिया म्हणाली. “आमी पुढं जाऊच दिला न्हाई. गाडीत बसवायचो, वायरलेसवर. तात्या लय चिडायचे. म्हणायचे, मला काय राखणीला आणलाय का?”

प्रमोदिनीने सहा शिपाई कापसात घालून खोक्यात ठेवले, झाकण लावलं आणि खोका सोनियाकडे सरकवला. मग तिने रुमालावरचा तो तिरक्या डोळ्यांचा उचलला. रंग कुठे जाड, कुठे विरळ. अंगठा फिरवला की प्रत्येक ओरखडा लागत होता.

“रविवारी मी येते सांगलीला,” ती म्हणाली. “याला मी आणते. आणि पुढे मीच नेणार.”

“फासा उलटा पडला तर जातोय त्यो, ताई.”

प्रमोदिनीची मूठ शिपायावर मिटली. “त्यांना पुढे जायचं होतं ना?”

सोनियाने रुमाल झटकला, त्याची घडी घातली आणि खोका काखेत मारला. दाराशी चपला घालताना ती थांबली.

“साडेसातची गाडी हाय,” ती म्हणाली. “मी खिडकी धरून ठिवते.”