नानांचा उजवा गाल

अर्धांगाच्या झटक्यानं नानांचा उजवा हात लुळा पडला, पाय फरफटू लागला, बोलणं बोबडं झालं. ते सगळं द्वारकाबाईंनी पचवलं. पण नवऱ्याच्या तोंडावरचं दाढीचं रान त्यांना पाहवेना.

भिवपुरीच्या वीजघरात यंत्रांवर हयात घालवलेला माणूस. निवृत्त होऊन दोघं कर्जतला राहायला आले तेव्हा सामानात एक लाकडी पेटी होती, आणि तिच्यात जुने वस्तरे. काही माथेरानच्या बंगल्यांच्या लिलावात मिळालेले, काही जुन्या बाजारात गंजून पडलेले. एक हस्तिदंती मुठीचा, एक शिंगाचा. नाना त्यांचा गंज उतरवायचे, दगडावर धार लावायचे, चामड्याच्या पट्ट्यावर सटासट फिरवायचे आणि रोज सकाळी वेगळ्या वस्तऱ्यानं दाढी करायचे. दाढीच्या पातं घालायच्या यंत्राला ते हात लावत नसत. "त्यानं गवत कापावं," म्हणायचे.

द्वारकाबाई मात्र त्या पेटीच्या वाऱ्याला उभ्या राहत नसत. त्यांच्या लहानपणी आत्या विधवा झाली, तेव्हा मागच्या पडवीत न्हाव्यापुढं मान खाली घालून बसलेली आत्या त्यांनी दाराच्या फटीतून पाहिली होती. वस्तरा म्हटला की आत्याचे जमिनीवर पडलेले लांबसडक केस त्यांच्या डोळ्यांपुढं यायचे.

झटक्यानंतर मालोजी न्हाव्याला घरी बोलावलं. तो वाईट नव्हता, पण बोलायला फटकळ. ओटीवर चार माणसं बसलेली असताना म्हणाला, "नाना, तोंड आवरा की जरा, लाळ गळते." नानांनी डाव्या हातानं त्याचा हात बाजूला सारला आणि पुन्हा त्याला शिवू दिलं नाही. एकदा स्वतःच डाव्या हातानं करायला गेले, तर हनुवटीखाली चर्रकन कापलं. तेव्हापासून पेटी बंद आणि आरसा पालथा.

भाद्रपद सरत आला तसा विठू आला. वीजघरात नानांच्या हाताखाली काम केलेला, कळंबकडचा शेतकरी गडी.

"नाना, खंडेनवमीला यंत्रांची पूजा हाय. तुमी यायलाच पायजे. तुमी नाय तर पूजा कसली?"

नानांनी दाढी वाढलेल्या गालावरून हात फिरवला आणि मान हलवली. नाही. विठू गेल्यावर ते भिंतीकडं तोंड करून झोपले. द्वारकाबाई आत गेल्या, पेटी उचलून खाटेवर ठेवली.

"अहो, मला शिकवा."

नाना वळले. "तू... घाब... घाबरतेस."

"घाबरतेच. म्हणून तर शिकवा म्हणते."

परसात कोहळ्याचा वेल होता. कोवळ्या कोहळ्यावर टोचरी लव असते, अगदी दाढीच्या खुंटासारखी. नानांनी तिकडं बोट दाखवलं. द्वारकाबाईंनी कोहळा मांडीवर घेतला, साबणाचा फेस लावला आणि वस्तरा टेकवला. पहिल्यांदा फिरवतानाच पातं सालीत रुतलं. वस्तरा खाली ठेवला, पदरानं हात पुसले, पुन्हा उचलला.

"च... चपटा," नाना म्हणाले. "दाबू... नको."

रोज दुपारी हा उद्योग. चरे पडलेले कोहळे भाजीत, सांडग्यांत, वड्यांत गेले. नाना शेजारी बसून सांगत आणि एकेक शब्द जुळवताना त्यांचं बोलणंही थोडं सुटत गेलं.

एक दिवस नणंद उमा आली आणि दारातच थबकली. "वहिनी! सवाष्णीनं वस्तरा हातात धरायचा? अपशकुन तो!"

द्वारकाबाईंनी मान वर केली नाही. "वन्सं, माझ्या आत्याच्या डोक्यावरून फिरला तो पुरुषाच्याच हातातला होता. त्यानं कुणाचं भलं झालं?"

उमा आत जाऊन बसली. थोड्या वेळानं तिनंच फेसासाठी पाणी गरम करून आणलं.

खंडेनवमीच्या सकाळी द्वारकाबाईंनी नानांना अंगणात उजेडाकडं तोंड करून बसवलं आणि आधी कात्रीनं दाढी कातरून घेतली. डावा गाल नीट झाला. उजवा मात्र सैल, ओघळलेला. कातडी वस्तऱ्याबरोबरच सरकायला लागली. त्यांचा हात थांबला. नानांनी डोळे मिटले होते, आणि डाव्या हाताची मूठ वळून मांडीवर ठेवली होती. नाना भ्याले होते. इतक्या वर्षांत द्वारकाबाईंनी त्यांना असं पाहिलं नव्हतं.

"हलू नका," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच्याच आवाजाचं त्यांना नवल वाटलं. डाव्या हाताच्या बोटांनी त्यांनी गाल कानाकडं घट्ट ताणून धरला आणि वस्तरा अगदी आडवा टेकवून वरून खाली नेला. केस कापल्याचा बारीक करकर आवाज आला. पुन्हा ताणला, पुन्हा नेला. ओठाच्या कोपऱ्याशी लाळ आली, ती पदरानं टिपली आणि काही झालंच नाही अशा पुढं गेल्या. जबड्याखाली एक लहानसा लाल ठिपका उमटला. त्यावर तुरटी फिरवली. नानांनी डोळे उघडले, गाल चाचपला.

"आरसा," ते म्हणाले.

टांग्यानं दोघं भिवपुरीला गेले. वीजघराच्या दारात झेंडूची तोरणं, आत यंत्रांना हळदकुंकू. विठू धावत आला, नानांना हाताला धरून खाली उतरवलं आणि त्यांच्या तोंडाकडं बघून हसला.

"वा नाना! दाढी झकास झाली की! कोणाकडनं केलीत? मालोजीकडनं?"

जुने सोबती भोवती जमले होते. नानांनी एकेकाकडं बघितलं. बोबडं बोलणं चारचौघांत काढायचं ते टाळत असत, म्हणून द्वारकाबाईच पुढं होऊन काहीतरी सांगणार होत्या. पण नानांनी त्यांना हातानं थांबवलं, श्वास घेतला आणि सावकाश, शब्द नीट लावत म्हणाले,

"हिनं. हिनं केली."

विठू द्वारकाबाईंकडं वळून म्हणाला, "मंग वैनी, पूजेला तुमी फुडं या. नारळ आज तुमीच फोडा."