समोरच्या घराचा झेंडा

किनुयोने फावड्यातले बर्फ कुंपणापलीकडे फेकले आणि ती तशीच उभी राहिली. समोर फुसाएच्या घराचा पिवळा झेंडा आजही वरच्या मजल्याच्या खिडकीला, कठड्याशी बांधलेला होता. खाली फाटकापासून दारापर्यंत बर्फ गुडघाभर साचले होते आणि त्यावर एकही पाऊल उमटलेले नव्हते, मांजराचेसुद्धा.

फुसाए म्हणजे उजाडायच्या आत आपल्या दारापुढची वाट लख्ख करून ठेवणारी बाई. नुसती वाट करून थांबणारीही नव्हे. फावड्यावर हनुवटी टेकून ती समोर बघत बसायची आणि किनुयो दार उघडून बाहेर आली रे आली की म्हणायची, "काय गं, नवी नवरी आहेस का एवढा वेळ लोळायला?" अर्थात हे दोन वर्षांपूर्वीचे. दोन वर्षांपासून त्यांचे बोलणे बंद होते.

बोलणे बंद असले तरी बघणे चालू होते, कारण ते गल्लीने लावून दिलेले काम होते. गल्लीच्या टोकाला राहणारा एकटा म्हातारा हिवाळ्यात गेला आणि ते बर्फ वितळल्यावर लोकांना कळले, त्या वर्षी ही झेंड्यांची पद्धत सुरू झाली. म्हातारी माणसे राहतात त्या प्रत्येक घराने सकाळी पिवळे फडके बाहेर लावायचे, अंधार पडायच्या आत काढून घ्यायचे. समोरच्याने समोरच्याचे बघायचे. झेंडा दिसला नाही तर जाऊन दार ठोठावायचे. दिसला, तर ठोठावायचे नाही. हा दुसरा नियम कुणी सांगितला नव्हता, पण पाळला जात होता तोच. झेंडा लावलेल्या बाईचे दार ठोठावणे म्हणजे, बाई गं, तू मेलीस का, असे तोंडावर विचारण्यासारखे होते.

दुपारी कुरिबायाशी आपली छोटी गाडी घेऊन आला. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून तो वॉर्डातल्या म्हाताऱ्यांची विचारपूस करायचे काम बिनपगारी करी. सज्जन माणूस होता, आणि सज्जन माणसांना असते तेवढी घाई त्यालाही होती.

"किनुयोताई, तब्येत ठीक?"

"मला काय धाड भरलीय? जरा फुसाएकडे डोकावून या की."

त्याने मान वळवून समोर पाहिले. "झेंडा आहे ना."

"वरच्या खिडकीत आहे."

"मग शहाणी आहे बाई! ह्या बर्फात फाटकापर्यंत येऊन कंबर मोडून घेण्यापेक्षा बरं. तुम्हीही तसंच करा."

किनुयोच्या जिभेवर शब्द आला होता. फुसाएचे गुडघे गेल्याला कितीतरी वर्षे झाली होती. सपाटीवर ती फावडे मारी, पण जिना चढत नसे. एवढे एकच वाक्य पुरले असते, पण त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न आला असता, की मग झेंडा लावतो कोण? किनुयोने फावडे उचलले आणि उगाचच साफ झालेल्या जागेवरून पुन्हा फिरवले.

कारण फुसाएचा मुलगा तोशिहारु नागोयाला नोकरीला होता. निदान फुसाए तसे सांगत असे. नोकरीत काहीतरी बिनसून तो घरी परत आला, वरच्या खोलीत गेला तो गेलाच, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होते. खोलीत गेला तेव्हा ऐन उमेदीतला होता, आता पन्नाशीला आला असेल. त्याला कुणी पाहिलेले नव्हते. तरी नववर्षाला भेटले की लोक विचारत, "तोशिहारु बरा आहे ना नागोयाला?" आणि फुसाए म्हणे, "कामाचा फार ताण असतो हो त्याला." झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मूठ सगळी गल्ली मिळून धरून होती.

ती एकदाच उघडली, किनुयोने. फुसाएकडे चहाला बसली होती आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर झाकून ठेवलेले ताट तिला दिसत होते. तिला राहवले नाही. ती म्हणाली, "एकदा डॉक्टरला तरी दाखव त्याला. आपण काय जन्माला पुरणार आहोत का?" फुसाएने हातातला पेला खाली ठेवला. "कुणाला? तोशिहारु नागोयाला असतो," ती म्हणाली. पुढे चहा झाला, निरोप झाला, वाकून नमस्कारसुद्धा झाले. दुसऱ्या दिवसापासून मात्र समोरून हाक आली नाही.

कुरिबायाशी येऊन गेला त्या संध्याकाळी किनुयो दिवा न लावता खिडकीशी बसली. बाहेर बर्फावर निळसर उजेड उरला होता. समोरच्या घराच्या खालच्या मजल्यावर उजेड नव्हता, काल-परवाही नव्हता, हे आता तिला आठवले. वारा फिरला तसा उदबत्तीचा बारीक वास आला. तिने आपल्या देवघराकडे पाहिले, तिथली उदबत्ती सकाळीच विझली होती.

वरची खिडकी वीतभर सरकली. आतून एक हात बाहेर आला. पांढराफटक, लांब, मनगटाची हाडे वर आलेला पुरुषाचा हात. त्याने न चाचपडता झेंड्याची गाठ सोडली, फडके आत घेतले, आणि मग तो हात तसाच कठड्यावर राहिला. काळोख्या फटीतून चेहरा दिसत नव्हता. पण कुणीतरी आपल्याच फाटकाकडे टक लावून बघते आहे, हे किनुयोला कळले. तिचा झेंडा अजून बाहेरच होता. ती लगबगीने जाऊन तो काढून आली. ती घरात शिरल्यावर मगच समोरची खिडकी बंद झाली.

सकाळी समोर झेंडा होता. किनुयोने सुकवलेल्या तेंदूफळांचा डबा रुमालात बांधला आणि ती समोरच्या बर्फात उतरली. झेंडा असताना दाराशी जायला आपल्याला काय कारण आहे, ते ती मनाशी घोकत होती. फळे यंदा गोड निघाली. बस, एवढेच म्हणायचे.

दाराला कडी नव्हती. ते जरा उचलून सरकवावे लागे, ते हातांना अजून आठवत होते.

"फुसाए? मी आहे गं."

घरात बाहेरच्यापेक्षा जास्त गारठा होता. दारातल्या फरशीवर फुसाएचे रबरी बूट कोरडे ठणठणीत उभे होते. किनुयोने आपले बूट काढून सरळ लावून ठेवले, कारण ते तसेच ठेवायचे असतात. जिन्याच्या पहिल्या पायरीवर ताट होते, त्यात धुऊन पालथी घातलेली वाटी.

आतल्या खोलीची खिडकी सताड उघडी होती आणि चौकटीवर बर्फ साचले होते. फुसाए गादीवर निजलेली होती, उत्तरेकडे डोके करून. तोंडावर पांढरा रुमाल. उशाशी उदबत्ती, आणि गेलेल्या माणसासाठी वाढतात तसा वाटीत शिगोशीग भरलेला भात, त्यात दोन काड्या उभ्या खोचलेल्या. किनुयोचे लक्ष भातावर खिळले. त्यातून वाफ निघत होती.

ती गादीशेजारी बसली. रडू फुटायला हवे होते, पण आधी फुटला तो राग. मेली, न बोलताच गेलीस. मग तिने रुमाल उचलून पाहिले, पुन्हा नीट पसरला, आणि हात जोडून पुष्कळ वेळ बसून राहिली. डोक्यावरच्या तक्तपोशीत एक फळी करकरली.

किनुयो उठून जिन्याशी गेली, ताट बाजूला सरकवून पायरीवर बसली. वर बघायचे धाडस तिला झाले नाही.

"तोशिहारु," ती म्हणाली.

वरून आवाज आला, न वापरलेल्या नळातून पाणी यावे तसा अडखळत. "काकू?"

"हो रे बाबा, मीच. कधी गेली ही?"

"पहिलं बर्फ पडलं त्या रात्री. झोपेतच. सकाळी ताट आलं नाही."

"मग मला हाक नाही मारायची? फोन नाही करायचा कुणाला?"

वर एक पाऊल मागे सरकले.

"आणि हा झेंडा रे? कशाला लावत होतास?"

"नाही लावला तर तुम्ही आला असता."

किनुयोने तो डब्याचा रुमालच तोंडावर दाबला. एवढे दिवस ती समोर उभी होती. एवढे दिवस ती झेंडा बघून समाधानाने आत वळत होती.

"तुमचा झेंडाही मीच बघतो," वरचा आवाज म्हणाला. "आधीपासून. खालच्या खोलीतून झुडपांमुळे तुमचं फाटक दिसत नाही. आई ताट ठेवताना विचारायची, किनुयोचा झेंडा लागला का? लागला असला की मी जमिनीवर एकदा ठोकायचो. ठक. मग ती जायची."

"रोज?"

"रोज. तेवढंच आमचं बोलणं." मग खालच्या आवाजात, "म्हणायची, ज्या दिवशी लागणार नाही त्या दिवशी तूच जा. माझे गुडघे मला तिथवर वेळेत नेणार नाहीत."

"गेला असतास?"

फळी पुन्हा करकरली. खोलीचे दार लागल्याचा आवाज आला, अगदी हळू.

पुढचे सगळे रीतीप्रमाणे झाले. पोलीस आले, डॉक्टर आले, वर जाऊन दारातूनच चार प्रश्न विचारून परत आले. फुसाएची रक्षा पांढऱ्या कापडात गुंडाळलेल्या डब्यातून घरी आली, पण अंत्यविधीला मुलगा उतरला नाही. गल्लीतल्या बायका हळू आवाजात म्हणाल्या, "नागोयाहून यायला जमलं नसेल." किनुयोला त्यांच्या तोंडात मारावेसे वाटले. कुरिबायाशी मात्र तिच्या ओट्यावर बसून खरोखर रडला. "झेंडा होता हो, ताई," तो पुन्हापुन्हा म्हणत होता. "मी रोज बघत होतो, झेंडा होता."

आता ताट किनुयो ठेवू लागली. आंबवलेल्या सोयाबीनचे मिसो-सार, भात, मुळ्याचे लोणचे. ताट ठेवून ती वर तोंड करून विचारी, "लागला का रे माझा झेंडा?" आणि वरून येई, ठक. त्या एका आवाजासाठी ती बर्फ तुडवून जात असे. संध्याकाळी वाटी धुतलेली मिळे. मग एक दिवस भात अर्धाच संपलेला दिसला. मग ताटाला हात लावलेला दिसेना. ठक मात्र येत राहिले, दिवसेंदिवस बारीक होत.

"शहरातल्या दवाखान्याची माणसं येतील म्हणालेत," कुरिबायाशी म्हणाला, "पण नंबर लागायला हवा. आणि त्यांचंही म्हणणं तेच, ओढून काढायचं नाही. त्याचं त्यानं बाहेर यायला पाहिजे."

"आणि तोवर वरच मेला तर?"

कुरिबायाशीने नेहमीच्या सवयीने समोरच्या खिडकीकडे पाहिले. तिथे आता काही नव्हते. त्या घरातून एकट्या फुसाएचे नाव झेंड्याच्या यादीत होते, आणि ते कमी झाले होते.

दुसऱ्या दिवशी किनुयो नेहमीच्या वेळेला उठली. अंथरूण आवरले, तोंड धुतले, झेंडा हातात घेतला. दारापर्यंत गेली. तिथे ती जरा वेळ उभी राहिली, मग तिने झेंड्याची घडी केली आणि बसायच्या उशीखाली सारली. दाराची कडी काढून ठेवली. ताट वाढले नाही. चूलही पेटवली नाही, धूर दिसला असता.

ती दाराशी भिंतीला टेकून बसली आणि आपण हे काय करतो आहोत याची तिला भीती वाटू लागली. तो आलाच नाही तर? त्या घरात आता वर एक आणि ह्या घरात खाली एक, दोघे वाट बघत बसलेले, आणि मधे नुसते बर्फ. छपरावरून पाणी ठिबकत होते. पोस्टमनची गाडी आली आणि गेली. नगरपालिकेच्या भोंग्यावर दुपारची धून वाजली, तिचे शेवटचे सूर डोंगरावर आपटून उलटे फिरले आणि मग काहीच ऐकू येईना. तिचे पाय बधिर झाले होते. फुसाएही अशीच पडून ऐकत असेल का वरची चाहूल, असे तिला वाटून गेले.

समोर दार करकरले. उचलून न सरकवल्यामुळे ते मधेच अडकले, पुन्हा करकरले.

मग बर्फात पाऊल, थांबणे, आणखी एक पाऊल. चालायचे विसरलेल्या माणसाचे, किंवा आईचे लहान बूट घातलेल्या माणसाचे. मधेच ती पावले थांबली, ती इतकी थांबली की किनुयोने डोळे मिटून घेतले. पुन्हा सुरू झाली. ती फाटकातून आत आली, ओट्याशी आली, आणि दारापलीकडे कुणाचा तरी श्वास धाप लागल्यासारखा ऐकू येऊ लागला.

हाक आली नाही. दारावर एकदाच वाजले, ठक.

किनुयोला उठता येईना. तिने मूठ वळली आणि बसल्या जागी जमिनीच्या फळीवर एकदा ठोकले.